मत्स्यखाद्यातील लसूण : रोगापूर्वीची तजवीज

पैठणजवळ गोदावरीवर १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि अवर्षणाशी झुंजणाऱ्या या भूभागाला नाथसागराचा विस्तीर्ण जलाशय लाभला. आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात जलाशयाच्या जोडीला गावतलाव व शेततळी यांतूनही कटला, रोहू, मृगळ यांचे संवर्धन होते. मात्र तळ्यातील मासा नदीतल्या माशासारखा मोकळा नसतो. पाणी मर्यादित, माशांची दाटी अधिक. त्यामुळे रोग शिरला की तो साऱ्या तळ्यात पसरण्यास वेळ लागत नाही.

१९८८ मध्ये ईशान्य भारतात शिरलेला व्रणरोग पुढे देशाच्या अनेक भागांत पोहोचला. बुरशीमुळे होणाऱ्या या रोगात माशाच्या अंगावर लाल जखमा उमटतात आणि असा मासा बाजारात कोणी घेत नाही. पावसाळा सरून पाणी थंड होऊ लागते, तो काळ विशेष जोखमीचा. अशा वेळी मिळेल ते प्रतिजैविक तळ्यात टाकण्याचा मोह होतो. परंतु प्रतिजैविक बुरशीवर चालत नाही. उलट त्याचा अंश माशात उरतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांच्या मत्स्यसंवर्धनातील वापरास तर मनाईच आहे.

या पार्श्वभूमीवर लसूण, हळद, गुळवेल, तुळस यांसारख्या वनस्पतींकडे संशोधकांचे लक्ष वळले. भुवनेश्वर येथील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोहूच्या बोटुकलीला किलोभर खाद्यामागे १ ते १० ग्रॅम लसूण ६० दिवस देण्यात आला. त्यानंतर एरोमोनास जंतूंची बाधा केली असता लसूण खाल्लेली बोटुकली साध्या खाद्यावरील बोटुकलीपेक्षा अधिक प्रमाणात वाचली. येथे लसूण औषधाचे काम करीत नाही. जंतू गिळणाऱ्या रक्तपेशींना तो तत्पर ठेवतो, एवढेच.

कृती घरगुती आहे. शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा भिजवून गोळे करताना ठेचलेला लसूण त्यात मिसळावा. खाद्य शिजवत असल्यास ते थंड झाल्यावरच मिसळावा, कारण ठेचल्यावर तयार होणारे त्यातील तिखट द्रव्य उष्णतेने नष्ट होते. लसणाचे भाव पाहून कोणी कचरेल. परंतु किलोमागे ५ ग्रॅम धरले, तर १० किलो खाद्यास अवघा ५० ग्रॅम लसूण पुरतो.

मात्र वेळ चुकता कामा नये. आजारी मासा प्रथम खाणे सोडतो. ज्याने खाद्याला तोंडच लावले नाही, त्याच्या पोटात लसूण जाणार कसा? म्हणून पावसाळ्याच्या अखेरीसच हे खाद्य सुरू करावे लागते. आदल्या दिवशीचे गोळे तसेच उरलेले दिसले, तर खाद्य थांबवून पाणी तपासावे आणि चुना किती टाकावा, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवावे.