पहिली सायकल : आधी जागा बघा, मग पायडल



शाळेला सुट्ट्या लागल्या की वस्तीत सायकली बाहेर निघतात. कुणाला मामाने जुनी आणून दिलेली, कुणाची भंगारवाल्याकडून घेतलेली, तर कुठे एकाच सायकलवर चार घरची मुलं. आणि त्याच दिवसांत गुडघे फुटलेली, ओठ फाटलेला, हात गळ्यात बांधलेला अशी मुलं आमच्याकडे यायला लागतात. मलमपट्टी करताना आम्ही एकच प्रश्न विचारतो : कुठे शिकत होतास? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, गल्लीत.

कॅज्युअल्टीत ड्युटी करत असतानाचा एक मुलगा आम्ही विसरलो नाही. वय नऊ वर्षं. गल्लीच्या उतारावर सायकल सुटली, पुढे उघडं गटार, वाचवायला हँडल वळवलं आणि हँडलचं टोक पोटात बसलं. रक्त नाही, जखम नाही. बेंबीच्या वर नाण्याएवढा निळा डाग, बस्स. आईने लिंबूपाणी दिलं आणि झोपवलं. संध्याकाळी पोट फुगलं, तोंड पांढरं पडलं, अंगाला थंड घाम. आत काळजाला, म्हणजे यकृताला, मार लागून रक्तस्राव होत होता. पोरगं वाचलं, पण थोडक्यात. त्या आईला तेव्हा काही लोक बोलले. आमचं मत वेगळं आहे. चार फुटांच्या गल्लीत, उतारावर, उघड्या गटाराशेजारी कोणतंही मूल पडणारच. म्हणून या वेळी शिकवण्याच्या आधी जागेबद्दल बोलू.

शिकणाऱ्या मुलाला ब्रेक आणि वळण ही दोन्ही एकदम जमत नाहीत. घाबरलं की ते ब्रेक दाबत नाही, पाय वर उचलतं आणि समोर जे दिसतं त्यावरच जाऊन आदळतं. म्हणून जागा अशी हवी की त्याने काहीच केलं नाही तरी सायकल आपोआप थांबावी आणि मधे आदळायला काही नसावं. दाबून बसलेला मुरूम किंवा कडक माती सगळ्यात चांगली. सुट्या वाळूत पुढचं चाक रुततं आणि मूल हँडलवरून पुढे जातं. दाट गवतात पडलं तर लागत नाही, पण पायडल मारायला इतका जोर लागतो की लहान मूल कंटाळून सोडून देतं. सिमेंटच्या रस्त्यावर चाक छान पळतं, पण पडलं की कातडी सोलून निघते. मुरमावर पहिल्या दिवशी थोडं खरचटेल, ते चालतं.

अगदी हलका उतार असेल तर उत्तम. किती हलका? सायकल नुसती उभी धरून सोडली तर हळूहळू पुढे जावी, माणसाच्या चालीने. त्यापेक्षा जोरात गेली तर तो उतार नको. आणि उतार संपतो तिथे काय आहे ते आधी स्वतः चालत जाऊन बघा. पुढे सपाट जागा किंवा थोडा चढ हवा. रस्ता, नाला, विहीर, भिंत नको.

मग अशी जागा मिळणार कुठे? वस्तीत मैदान नाही हे आम्हाला माहीत आहे, आम्हीही तिथेच राहतो. पण शोधलं की सापडते. महापालिकेच्या शाळेचं पटांगण रविवारी रिकामं असतं. विहारासमोरची मोकळी जागा वंदनेची वेळ सोडून मिळते, फक्त आधी समितीला विचारा. शहराच्या कडेला नवीन लेआऊट पडतात, रस्ते आखलेले असतात आणि घरं अजून नसतात, तिथे सकाळी कुणी नसतं. मात्र वाळू-गिट्टीचे ट्रक केव्हा येतात ते विचारून घ्या, कारण मागे येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला लहान मूल दिसत नाही. आठवडी बाजाराची जागा बाजार नसलेल्या दिवशी मोकळी असते, पण तिथे दुकानांचे खिळे आणि भाजीचा चिखल उरतो. रेल्वेच्या रुळाशेजारची पट्टी आणि हायवेचा सर्व्हिस रोड, या दोन जागा कितीही मोकळ्या दिसल्या तरी नको.

मुलाला नेण्याआधी एक फेरी पायी मारा. काच, तार, सळईची टोकं, फुटलेलं गटाराचं झाकण बघा. आणि वर बघायला विसरू नका. कपडे वाळत घालायची तार सायकलवर बसलेल्या मुलाच्या नेमकी गळ्याशी येऊ शकते.

सायकल मुलाच्या मापाची हवी. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. बापाच्या सायकलवर नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत आपल्यापैकी पुष्कळ जण शिकले, आम्हीही शिकलो, पण त्यात मजा होती एवढंच, शहाणपण नव्हतं. दुकानदाराला सांगून पहिले दोन दिवस दोन्ही पायडल काढून घ्या (डावीकडचं पायडल उलट्या आट्याचं असतं, घरी जोर लावत बसू नका). सीट खाली करा आणि मुलाला पायाने ढकलत, सरकत जाऊ द्या. हलक्या उतारावर ते स्वतःच पाय उचलायला लागतं. तोल आला की पायडल परत बसवा. बाजूची दोन छोटी चाकं लावली तर मूल तोल सांभाळायला शिकतच नाही, ती काढल्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. मागे धरून धावायचं असेल तर काखेत धरा. हँडल धरलं की तोल तुम्ही सांभाळता, मूल नाही.

हँडलच्या टोकाला रबरी मूठ नसेल तर ती आधी बसवा. उघडी लोखंडी नळी पोटात काय करते ते वर सांगितलंच आहे. चेनकव्हर नसेल तर पँटचा पाय बांधा आणि ओढणी कमरेला खोचा. लहान भावंडाला कॅरियरवर बसवून फिरवणं ही तर आमची जुनी डोकेदुखी. लटकता पाय चाकाच्या तारांत जातो आणि टाचेचं मांस सोलून निघतं, महिनाभर चालता येत नाही. शिकणाऱ्याच्या मागे कुणालाही बसवू नका.

हेल्मेट चार घरांत मिळून एक घेतलं तरी चालेल, पण पट्टा प्रत्येक मुलाच्या मापाने ओढून घ्या. भुवईच्या वर दोन बोटं जागा सोडून बसलं पाहिजे, कपाळ उघडं टाकून मागे नको.

मुलींबद्दल थोडं जास्त लिहितो. मैदानावर सकाळपासून मुलांचं क्रिकेट असतं, मुलींची पाळी येईपर्यंत ऊन होतं. म्हणून पहिला एक तास मुलींचा, असं ठरवूनच टाका. सायकल चालवून मुलीच्या अंगाला काही अपाय होत नाही. पाळीच्या दिवसांतही बरं वाटत असेल तर चालवता येते. आमच्याकडे मागच्या वर्षी मुलींना घेऊन आलेल्या दोन आया स्वतःच शिकून गेल्या.

सहलीला अलिबागला किंवा काशीदला गेलं की किनाऱ्यावर चार जाड चाकांची एटीव्ही दिसते आणि मुलं हट्ट धरतात. चार चाकं आहेत म्हणजे पडणार नाही, असं वाटतं. पण ती चढउतारावर किंवा जोरात वळताना उलटते, आणि मोठ्या माणसांच्या गाडीचं वजन दोनशे किलोच्या वर असतं, ते सगळं बसणाऱ्याच्या अंगावर येतं. अमेरिकेत जंगलात या गाड्यांसाठी खास वाटा आखलेल्या असतात, तरी तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सोळा वर्षांखालच्या मुलांनी त्या चालवूच नयेत असं सांगते. तीन चाकी एटीव्ही तर तिथे 1988 साली विकणंच थांबवावं लागलं. मुलाला पुढे बसवून हँडल हातात देणं हा खेळ आपण करू नये.

पडल्यावर काय करायचं? खरचटलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, माती निघेपर्यंत. मूल रडेल, रडू द्या. हळद, चहापत्ती, टूथपेस्ट, चुना यातलं काही लावू नका. धनुर्वाताची लस 5 ते 6 वर्षं, 10 वर्षं आणि 16 वर्षं या वयांत सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कार्ड बघा, राहिली असेल तर घ्या.

डोक्याला मार लागला आणि मूल पुन्हा पुन्हा ओकलं, सारखं पेंगायला लागलं, बोलणं अडखळलं, झटका आला, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं, तर सकाळची वाट बघू नका. हँडल पोटात लागलं असेल तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा आणि ‘हँडल लागलं’ हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नुसतं ‘पडला’ म्हणू नका. डॉक्टर बघेपर्यंत खायला-प्यायला देऊ नका. अॅम्ब्युलन्ससाठी 108.

शाळेचं पटांगण मागायचं असेल तर मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा. दिवस, वेळ, किती मुलं, आणि हजर राहणाऱ्या दोन मोठ्या माणसांची नावं व सह्या. तोंडी विचारलं तर बघू म्हणतात, कागद दिला तर उत्तर द्यावं लागतं. सकाळी साडेसहाला सुरू करा, साडेआठला ऊन लागतं. पाण्याची कॅन, साबण, स्वच्छ फडकं आणि हवा भरायचा पंप सोबत ठेवा.