गप्प बसलेल्या मुलांकडे आधी बघ

शिरूर (घोडनदी)

चि. सोनीस,


तुझं पत्र मिळालं. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, ओरडून ओरडून बसलेला घसा, टेबलावर आपटून फुटलेली पट्टी, आणि पाठनिरीक्षणाच्या वहीत पडलेला ‘वर्गनियंत्रण नाही’ हा शेरा. सगळं वाचलं. तुला रडू आलं हेही तू लपवलं नाहीस, ते बरं केलंस. डी. एल. एड.च्या दुसऱ्या वर्षाला सगळे जण यातून जातात. शेरा मनाला लावून घेऊ नकोस, पण विसरूही नकोस.

माझी उभी नोकरी शिरूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांच्या शाळांवर गेली, आणि तीही बहुतेक पहिलीच्या वर्गावर. म्हणून ठामपणे सांगते, सहा वर्षांचं मूल तुझ्याविरुद्ध काही करत नसतं. हाताला काम नसलं की ते आपलं आपण काम शोधतं, आणि त्याने शोधलेलं काम आपल्याला गोंधळ वाटतं. चालू पाठात सहसा गोंधळ होत नाही. तो होतो एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या वेळात. ‘वह्या काढा’ म्हटल्यापासून पहिलं अक्षर उमटेपर्यंतची ती दोन-तीन मिनिटं नीट आखलीस, तर अर्धा वर्ग तिथेच हाताशी आला समज.

उद्या दशक-एकक घ्यायचं आहे असं धर. चिंचोके आधी वाटलेस की संपलं. एक जण ते नाकात घालून बघेल, दुसरा शेजाऱ्याचे पळवेल, आणि तुझ्या सूचना कुणाच्याच कानावर जाणार नाहीत. आधी सगळ्यांना जमिनीवर गोल करून बसव. मधे एकाच मुलाला बोलाव. त्याच्याकडून वाटीतले दहा चिंचोके मोजून एक ढीग करून घे, वरचे सुटे बाजूला ठेवायला सांग. बाकीच्यांना नुसतं बघू दे. तो चुकला तर तेच ओरडून सांगतील. काम संपल्यावर वाटी कुठे ठेवायची तेही त्याच्याकडूनच करवून घे. मग प्रत्येक गटातल्या एकाच्या हातात वाटी दे. पहिली याच्यात रमली की दुसरीला पाच-सात मिनिटं तुझ्याजवळ घेऊन वाचन कर, मग उलट. फळ्यावरचं लेखन परिपाठाच्या आधीच उरकून ठेव. वर्गाकडे पाठ फिरली की वर्ग सुटतो. आवाज चढवण्यापेक्षा टाळ्यांचा एक ठेका ठरव. त्यांनी तो परत वाजवला की थांब, आणि सगळ्यांचे डोळे तुझ्याकडे आल्याशिवाय तोंड उघडू नकोस.

नावं पाठ कर. हजेरीतलं नाव वेगळं आणि घरचं वेगळं असतं. दोन्ही ठाऊक हवीत.

सकाळी मुलं तोंडात बातमी घेऊनच येतात. कुणाच्या गाईला वासरू झालेलं असतं, कुणाच्या उसात बिबट्या दिसलेला असतो. आपल्या भागात बिबट्या ही काही गोष्टीतली गंमत नव्हे, मुलं खरोखर घाबरलेली असतात. अशा दिवशी पाठ टाचण बाजूला ठेव आणि आधी त्यांचं ऐकून घे. त्यातलंच एक वाक्य, ‘आमच्या उसात बिबट्या आला’, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही. स्वतः बोललेलं वाक्य मूल धडपडून वाचतं. त्या दिवशीचं वाचन तेच.

छडीचं आणि धाकाचं सांगायला हवं. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 17 ने मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही. ‘थांब, गुरुजींकडेच पाठवते’ हा धाकसुद्धा मला त्यातलाच वाटतो. धाकाने वर्ग गप्प होतो, पण त्यातलं एकही मूल शिकत नसतं. आपल्या तालुक्यातल्या कर्डेलवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव वर्षाचे 365 दिवस चालणारी शाळा म्हणून झालं. मुलं सुटीच्या दिवशीही शाळेत यायची ती काय धाकाने?

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते. तुझ्या पत्रात दंगा करणाऱ्या चौघा-पाचांची नावं आली, गप्प बसणाऱ्या एकाचंही आलं नाही. दंगेखोर मूल आपलं लक्ष ओढून घेतं. गप्प मूल निसटून जातं, आणि वही तपासताना त्याच्या कोऱ्या पानावर आपण घाईत बरोबरची खूण करतो. तुमच्या दौंडच्या बाजूला सध्या गळीत हंगाम जोरात आहे. दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या शाळेच्या आसपासच असतील. त्यांतली मुलं कधी वर्गाच्या दाराशी येऊन बसतात. एखादी मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन येते. तिला ‘बाळ घरी ठेवून ये’ म्हणू नकोस. घरी कुणी नसतं, म्हणून तर तिने त्याला आणलेलं असतं. गावाकडच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड आहे का ते विचार. नसलं तरी मुख्याध्यापकांशी बोल. दाखला नाही म्हणून कायद्याने प्रवेश अडवता येत नाही.

तीच गत रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत कामाला आलेल्या हिंदी भाषक कुटुंबांच्या मुलांची. ती पोरं शहाणी म्हणून गप्प नसतात, त्यांना आपली मराठी कळत नसते. गाणं, चित्र, मातीकाम आणि मोजणी यांना भाषा कमी लागते. सुरुवात तिथून कर. जोडीला एखादं बोलकं मूल बसव. लहान मुलं एकमेकांची भाषा आपल्यापेक्षा लवकर उचलतात.

अशाच शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी झटलेल्या अनुताई वाघ मोरगावच्या, म्हणजे तुझ्या शाळेपासून फार लांबच्या नव्हेत. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा अनुताई त्यांना जाऊन मिळाल्या. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी उभी राहिली ती तिथून. 1957 नंतर कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. त्या मुलांना कुणी ‘बेशिस्त’ म्हटलं असतं तर या दोघींनी ते ऐकून घेतलं नसतं, याची मला खात्री आहे. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ सुटीत मिळवून वाच. मानसशास्त्राच्या पेपरापेक्षा ते तुझ्या जास्त उपयोगी पडेल असं माझं मत आहे.

टाचणाच्या वहीत डाव्या बाजूला पान कोरं ठेवत जा. शाळा सुटल्यावर त्यावर खरं काय घडलं ते लिही: कोणत्या क्षणी वर्ग सुटला, त्या वेळी मुलांच्या हातात काय होतं, तू कुठे उभी होतीस. निरीक्षक पुन्हा आले की तेच पान त्यांच्यापुढे ठेव आणि विचार, इथे मी काय करायला हवं होतं? चांगला निरीक्षक असेल तर तो खुर्ची ओढून बसेल.

घशासाठी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर. पुढच्या पत्रात शेरा काय पडला ते नाही कळवलंस तरी चालेल. आठवडाभरात तुझ्या वर्गात कोणती मुलं एक शब्दही बोलली नाहीत, त्यांची नावं मात्र लिहून पाठव.

तुझी,
मावशी