सुट्टीच्या दिवशीचा युरोचा दर

प्रश्न : राहात्याहून डाळिंब युरोपला पाठवतो. जुन्या बिलांसमोर त्या-त्या दिवसाचा युरोचा दर पॉवर क्वेरीत कसा आणावा? रविवारच्या ओळी रिकाम्या राहतात.

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून संदर्भ दरांची जुनी यादी उतरवून घ्या. जुलै 2018 पासून हे दर एफबीआयएल ही संस्था ठरवते. सुट्टीला दर जाहीर होत नाही, म्हणून ओळ रिकामी दिसते. सलग तारखांचा तक्ता करून त्याला दर ‘मर्ज’ने जोडा, मग तारखेनुसार चढता क्रम लावा आणि त्यानंतरच ‘फिल डाउन’ करा. क्रम चुकला तर दर भलत्याच दिवसाला चिकटतो. तारखेचा स्तंभ भारतीय पद्धतीने वाचला जातोय ना, हेही बघा, नाहीतर 5 मार्चचा 3 मे होतो. शिपिंग बिलाला मात्र हा दर लावू नका. तिथे सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेलाच दर चालतो.