मुख्य गायक-नट बदलावा लागला तर? फिरत्या संगीत नाटकाच्या धंद्याचा एक पाठ

संगीत नाटक ही कला आहे, तशीच ती एक फिरती पेढीही आहे. प्रेक्षकाला रंगमंचावर एक नायक दिसतो. पण त्याच्यामागे ऑर्गनवाला, तबलजी, रंगभूषाकार, कपडेपट सांभाळणारा, नेपथ्य उभारणारे, व्यवस्थापक आणि बसचा ड्रायव्हर अशी अनेक माणसे असतात. यांतील बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो. प्रत्येक प्रयोगामागे ठरलेली रक्कम मिळते. तिला या धंद्यात ‘नाईट’ म्हणतात. प्रयोग झाला तर नाईट, नाही तर हात रिकामे. म्हणून मुख्य नट आजारी पडला, सोडून गेला किंवा दुर्दैवाने वारला, तर प्रश्न एका भूमिकेपुरता राहत नाही. सगळ्या बसचा होतो.

मीरा-भाईंदरच्या वाचकांना या विषयाचा धागा घराजवळच सापडेल. दहिसर चेकनाक्याजवळचे आपल्या महानगरपालिकेचे नाट्यगृह लता मंगेशकरांच्या नावाचे आहे. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ यांची कारकीर्द सुरू झाली तीच मुळी एका मोठ्या नटाच्या रिकाम्या झालेल्या जागेजवळ.

किर्लोस्कर मंडळीची गोष्ट

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटक मंडळीचा मोठा आधार भाऊराव कोल्हटकरांचा गळा हा होता. १९०१ मध्ये भाऊराव वारले आणि मंडळीची मोठी पोकळी झाली. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, मंडळीत आले आणि गाडी पुन्हा रुळावर आली. पण १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीला पुन्हा नवा गळा शोधावा लागला. तेव्हा पुढे आलेल्यांत किशोरवयीन दीनानाथ होते. १९१८ मध्ये तेही बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली.

व्यापाराच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, एका माणसाच्या जाण्याने पेढी लगेच बुडत नाही; दुसरा माणूस सापडू शकतो. दुसरी, प्रत्येक वेळी माणूस गेल्यावरच शोध सुरू केला, तर मधली वर्षे तोट्याची जातात.

खाँसाहेबांची जागा

याहून अवघड उदाहरण ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचे. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेले आणि जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलेले हे नाटक १९६७ मध्ये नाट्यसंपदा संस्थेने रंगमंचावर आणले. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले ही मुख्य भूमिका वसंतराव देशपांड्यांची, तर त्यांच्या मुलीची, झरीनाची, भूमिका सोलापूरच्या फैयाज यांची. (फैयाज पुढे २०१५ च्या बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या.) खाँसाहेब म्हणजे वसंतराव, असे समीकरणच झाले. १९८३ मध्ये वसंतराव गेले.

अशी भूमिका दुसऱ्याला देणे म्हणजे तुलना ओढवून घेणे. तरीही २०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक नव्या संचात आले. खाँसाहेब झाले राहुल देशपांडे, वसंतरावांचे नातू. आजोबा गेले तेव्हा ते चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे केवळ घराण्याचे नाव कामाला आले असे म्हणता येणार नाही. मधली वर्षे रियाजाची होती. नाव प्रेक्षकाला एकदा तिकीटखिडकीपर्यंत आणते, तिसऱ्या अंकापर्यंत बसवून ठेवतो तो गळा.

पुढे २०१५ मध्ये याच नाटकावर चित्रपट निघाला. त्यात खाँसाहेब दिसतात सचिन पिळगांवकर आणि ऐकू येतात राहुल देशपांडे. पडद्यावर चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा अशी वाटणी करता येते. संगीत नाटकाला ही सोय नाही. तेथे अभिनय आणि गाणे एकाच माणसाकडून, समोरासमोर हवे. त्यामुळे बदली नट मिळण्याचे क्षेत्र फार लहान होते.

जोडीने तयारी

यावरचा व्यवहारी उपाय म्हणजे पहिला गात असतानाच दुसरा तयार करणे. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या संगीत नाटकांत मुख्य पात्राची भूमिका पाठ असलेला राखीव नट ठेवण्याची रीतच आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ १९८८ पासून २०२३ पर्यंत चालले, ते मुख्य नट अनेकदा बदलूनच.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण २०१६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या फिरोज अब्बास खान दिग्दर्शित ‘मुघल-ए-आझम’ या संगीत नाटकाचे. त्यात अनारकलीच्या भूमिकेसाठी प्रियांका बर्वे आणि नेहा सरगम अशा दोन गायिका-अभिनेत्री आलटून पालटून उभ्या राहत. गाणे प्रत्यक्ष रंगमंचावर. अशी जोडी असली की एकीचा घसा बसला तरी प्रयोग रद्द होत नाही, आणि दोघींच्याही गळ्याला विश्रांती मिळते.

पट्टीचा प्रश्न

नट बदलला की संवाद तेच राहतात; गाण्याची पट्टी मात्र तीच राहील असे नाही. पहिला काळी एकमध्ये गात असेल आणि दुसऱ्याचा आवाज काळी तीनला खुलत असेल, तर ऑर्गनवाल्याची बोटे बदलतात आणि तबलजीला त्या सुराचा दुसरा दायाँ आणावा लागतो. युगलगीतात तर नायिकेचीही अडचण होते. म्हणून नव्या नटाची तालीम साथीदारांबरोबर आधी घ्यावी, मग ज्यांच्याशी त्याचे जास्त प्रवेश आहेत त्या नटांबरोबर, आणि शेवटी पूर्ण वेषात एक सलग तालीम. पहिल्याच्या ताना जशाच्या तशा उचलायला लावू नयेत. प्रेक्षक नकलेची किंमत नकलेइतकीच करतात.

हिशेब मांडून पाहू

खालचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, दौऱ्याचे १२ प्रयोग शिल्लक आहेत. एका प्रयोगाचा खर्च १,००,००० रुपये. त्यातील ३०,००० भाडे, जाहिरात आणि बस यांपायी आधीच गेलेले.

सर्व प्रयोग रद्द केले तर गेलेले ३,६०,००० रुपये बुडतात.

घाईने नवा नट उभा केला, तर तालमीचे ६०,००० धरा. पहिल्या ४ प्रयोगांना उत्पन्न ८०,००० प्रमाणे आले, तर तोटा ८०,०००. पुढच्या ८ प्रयोगांना १,१५,००० प्रमाणे आले, तर नफा १,२०,०००. एकूण तोटा फक्त २०,०००. आणि मंडळींना बाराही नाईट मिळाल्या.

दुसरा नट आधीच तयार असेल आणि पहिले ४ प्रयोग निदान खर्चाची तोंडमिळवणी करतील, तर तालमीचे ६०,००० वजा जाऊन ६०,००० रुपये हाती राहतात. तालमीचा खर्च दोन्हीकडे तोच. वेळेवर केला की तो फळतो.

निर्मात्याने ध्यानात ठेवावे असे

१. नटाशी लेखी करार करावा. सोडण्यापूर्वी किती दिवस आधी कळवायचे हे त्यात असावे.

२. राखीव नटाला केवळ बसवून ठेवू नये. लहान गावच्या किंवा दुपारच्या काही प्रयोगांत त्याला उभे करावे आणि त्याची नाईट त्याला द्यावी. काम न मिळालेला गळा गंजतो आणि माणूसही निघून जातो.

३. बदल लपवू नये. जाहिरातीत आणि तिकीटखिडकीवर नव्या नटाचे नाव स्पष्ट लिहावे. ज्याला नको असेल त्याचे पैसे परत करावे. मीरा रोडच्या प्रेक्षकाला फसवल्याची बातमी बोरिवली आणि ठाण्याला नाटकाच्या बसआधी पोहोचते.

४. कंत्राटदाराने प्रयोग विकत घेतला असेल, तर त्याला सर्वांत आधी कळवावे.

५. गेलेल्या नटाविषयी वाईट बोलू नये. त्याने कमावलेले नाव हे नाटकाचेही भांडवल आहे.

भाईंदर पूर्वेला भांड्यांचा कारखाना चालवणारा असो की नयानगरात शिवणकामाचे दुकान मांडणारा, ज्याचे सगळे गिऱ्हाईक एकाच कारागिराच्या हातावर अवलंबून आहे, त्याने या पाठातील पहिली दोन कलमे स्वतःला लावून पाहावीत. उस्ताद कामावर आहे तोवरच शागीर्द तयार होतो. उस्ताद गेल्यावर शिकवणार कोण?