पासपोर्ट कशाला दाखवायचा?

माझी वहिनी मणिपूरची, उखरुलची. लग्नाआधीपासून पुण्यात नोकरी करते, मराठी बोलते, मतदार यादीत नावही इथलंच. तरी फिरायला निघालं की तिला जागोजागी आपण भारतीय असल्याचं पटवून द्यावं लागतं. वेरूळच्या सहलीत मी ते जवळून पाहिलं. ईशान्येकडची सून, मित्र, सहकारी ज्यांच्या बरोबर प्रवासाला निघणार आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

छत्रपती संभाजीनगरातल्या हॉटेलचं बुकिंग वहिनीच्या नावावर होतं, पैसे आगाऊ भरलेले होते. काउंटरवरच्या मुलाने माझं आणि दादाचं आधार कार्ड घेऊन झेरॉक्स काढली. वहिनीचं कार्ड मात्र त्याने उजेडाकडे धरलं, उलटसुलट केलं, कडेला नख लावून पाहिलं. मग म्हणाला, "मॅडमचा पासपोर्ट लागेल." वहिनी शांतपणे म्हणाली, "मी भारतीय आहे. पुण्याहून इथे यायला पासपोर्ट कशाला लागेल?" त्याने मालकाला फोन लावला, पाठ फिरवून काहीतरी बोलला आणि आम्हाला सांगितलं, खोलीच शिल्लक नाही. दादाने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर पाहिलं. त्याच रात्रीसाठी त्याच हॉटेलात खोल्या मिळत होत्या. त्याने लगेच स्क्रीनशॉट काढला. पुढे तक्रारीत सगळ्यात जास्त तोच कामी आला.

हॉटेलवाल्यांना धास्ती असते ती एका फॉर्मची. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांच्या आत त्याची माहिती कळवावी लागते, नाही तर मागे झेंगट लागतं. त्यांची ही अडचण मी समजू शकते. पण तो फॉर्म परदेशी नागरिकांसाठी आहे, आणि कोण परदेशी हे नाकाडोळ्यांवरून ठरवायचा अधिकार काउंटरवरच्या कुणालाही नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असा वाद कुणी घातलाच तर मतदार ओळखपत्र पुढे करावं. वहिनी आता दोन्ही जवळ ठेवते. तिला ते ठेवावं लागतं याचा मला संताप येतो, तरीही ठेवा असंच मी सांगेन.

दुसऱ्या दिवशी वेरूळला पुन्हा तेच. लेण्यांचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, परदेशी पर्यटकांना 600. आमची तिकिटं हातात होती, तरी फाटकावरच्या माणसाने आम्हाला जाऊ दिलं आणि वहिनीला बाजूला घेतलं. खरं तर नेपाळ, भूतान, म्यानमारच्या पर्यटकांनाही भारतीयांचाच दर लागू आहे. त्यालाच हे ठाऊक नसावं. दादा पटकन म्हणाला, "अहो, माझी बायको आहे ती." कार्ड दाखवून आत गेल्यावर वहिनी त्याला म्हणाली, "असं नको सांगत जाऊस. मी एकटी आले असते तर?" हे बरोबरच्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखं आहे. तिला जामीन राहू नका. बोलायचं तिला बोलू द्या, आणि आपण एवढंच विचारा की ओळखपत्र रांगेतल्या सगळ्यांचं तपासताय की हिचं एकटीचंच?

हा अनुभव छोट्या हॉटेलांपुरता नाही. 2016 साली दिल्ली विमानतळावर एका मणिपुरी तरुणीला इमिग्रेशन अधिकाऱ्याने भारतात राज्यं किती, असं विचारलं होतं. तिने ते जाहीरपणे मांडलं, तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या सुषमा स्वराज यांनी दिलगिरी व्यक्त केली.

परतताना दौलताबादला थांबलो, तेव्हा असाच एक जुना अपमान आठवला. 1934 साली बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत याच किल्ल्यापाशी हौदावर हातपाय धुतले म्हणून त्यांना शिवीगाळ झाली, आणि आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत शस्त्रधारी शिपाई दिला गेला. पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घडवलेल्या राज्यघटनेत कलम 15(2) आलं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात कुणाही नागरिकाला मज्जाव करता येत नाही, असं ते सांगतं. खासगी मालकही त्यातून सुटत नाही.

तेव्हा कुणी अडवलं तर आवाज चढवू नका. खोली का नाकारली ते लेखी मागा. लिहून देत नसतील तर बुकिंगच्याच नंबरवर तिथल्या तिथे मेसेज टाका: किती वाजता, कोण काय म्हणालं. प्रकरण हातघाईवर येतंय असं वाटलं तर 112 फिरवा. बुकिंग कंपनीला त्याच रात्री कळवा. आमचे पैसे तसेच परत मिळाले, पण वहिनीला ते पुरेसं वाटलं नाही. तिने 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगासाठी अर्ज तयार करते आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते, म्हणून पावत्या, मेसेज, स्क्रीनशॉट तोवर जपून ठेवा.