रानडुकरे लोळली त्या खाचरात उतरावे का?

प्रश्न : घिवलीत आमचे भाताचे खाचर आहे. पावसाळ्यात रात्री रानडुकरे येतात, बांध उकरतात, साचलेल्या पाण्यात लोळतात. सकाळी त्याच पाण्यात आम्ही लावणीला उतरतो, गुरेही तेच पाणी पितात. डुकरांचे रोग आम्हाला आणि गुरांना होऊ शकतात का?
– एक वाचक, घिवली (जि. पालघर)

उत्तर : होऊ शकतात, पण सगळे नाहीत, आणि डुक्कर नुसते शेतातून गेल्याने तर नाहीच. रोग पोचतो तो मुख्यतः दूषित पाण्यातून, कच्च्या मांसा-रक्तातून किंवा चाव्यातून. तुमच्या बाबतीत काळजी पाण्याची आहे.

त्यातला महत्त्वाचा रोग लेप्टोस्पायरोसिस. याचे जंतू प्राण्याच्या मूत्रपिंडात राहतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. मोठा वाहक उंदीर. पण डुकरे, गुरे आणि कुत्रीही हा रोग पसरवतात. म्हणून डुकरे यायची थांबली तरी खाचर निर्धोक झाले असे समजू नका. ओल्या चिखलात हे जंतू कित्येक आठवडे तग धरतात. लावणीत दिवसभर पाण्यात राहून पायांना चिखल्या होतात, टाचा फुटतात. तिथूनच ते अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याच तापाची मोठी साथ आली होती.

लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांत दिसतात : थंडी वाजून ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या इतक्या ठणकतात की हात लावू देववत नाही. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ‘मी चिखलात काम करतो’ हे सांगा. वेळेत औषध मिळाले तर साध्या अँटिबायोटिकने माणूस बरा होतो. अंगावर काढले तर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शक्य तिथे गमबूट घाला, जखम झाकून पाण्यात उतरा, घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करा.

गुरांनाही लेप्टो होतो. गाभण गाय गाभडते, दूध एकाएकी आटते. ब्रुसेला नावाच्या जंतूमुळेही गर्भ पडतो. म्हणून पडलेला गर्भ किंवा वार उघड्या हातांनी उचलू नका; हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरा. लाळ्या-खुरकूत डुकरांना होतो आणि त्यांच्याकडून गुरांना लागू शकतो. त्याची लस सरकारी मोहिमेत मोफत मिळते. दर सहा महिन्यांची फेरी चुकवू नका. गुरांमधल्या ब्रुसेलाची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना एकदाच टोचतात. गुरांना खाचरातले पाणी पाजण्याऐवजी गोठ्यात हौद भरून ठेवा.

दुसरा धोका मांसाचा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय रानडुकराची शिकार हा गुन्हा आहेच; पण आरोग्याच्या दृष्टीनेही ती महागात पडते. मांस कापताना हातावरच्या लहानशा चिरेतून ब्रुसेला शिरतो. मग येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम आणि सांधेदुखी आठवडेच्या आठवडे पाठ सोडत नाहीत. अमेरिकेत रानडुकरांची शिकार करणाऱ्यांना हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. अर्धवट शिजलेल्या मांसातून ट्रायकिनेला नावाचे कृमी पोटात जातात आणि त्यांची पिले स्नायूंत घर करतात. वन्य प्राण्यांतल्या त्यांच्या काही जाती गोठवलेल्या मांसातही जिवंत राहतात, म्हणून फ्रीजवर भरवसा नको.

डुक्कर चावले तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. वन्य प्राण्याचा चावा रेबीजच्या दृष्टीने तिसऱ्या, म्हणजे सर्वात गंभीर श्रेणीत धरतात. लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. जखमेवर हळद, चुना, तिखट काहीही लावू नका.

राहिला आफ्रिकन स्वाइन फीवर. भारतात तो २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा आढळला. हा रोग माणसाला होत नाही, गाई-म्हशींनाही होत नाही. मात्र पाळीव डुकरांचे कळपच्या कळप त्याने मरतात आणि आजारी डुकरावर औषध नाही. मेलेले रानडुक्कर दिसले तर ते ओढत नेऊ नका, कातडे सोलू नका, कुत्र्यांना खाऊ देऊ नका. वनविभागाला १९२६ वर कळवा. गुरे आजारी दिसली तर पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक १९६२.

डुकरांना एकट्याने हुसकायला रात्री-अपरात्री जाऊ नका. पिकाचे नुकसान झाले तर पंचनाम्यासाठी वनविभागाकडे अर्ज करा, भरपाई मिळू शकते. आणि लावणीच्या दिवसांत घरात कोणालाही ताप आला तर तो मेहनतीचा समजून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा.