झाकायचं काय, विचारायचं काय

चिमे, डिझाइनच्या कामाचे पैसे क्लायंटने यूएसडीटी या क्रिप्टो कॉइनमध्ये दिले, टेलिग्रामवरचा एक जण ते चढ्या भावाने घेणार आणि त्याला केवायसीसुद्धा नको, हे तू ज्या हौसेने सांगितलंस ना, त्यानेच माझ्या पोटात गोळा आला. रागावत नाहीये गं. पण नीट ऐक.

तुला वाटतं तेवढी तू लपलेली नाहीस. ट्रॉन ब्लॉकचेनवरचा तुझ्या वॉलेटचा पत्ता म्हणजे 'टी'पासून सुरू होणारी ३४ अक्षरं. त्यात नाव-गाव नाही, खरंय. पण तो ट्रॉनस्कॅनवर टाकला की किती आले, कुठून आले, कुठे गेले, सगळं कुणालाही दिसतं. एकदा का त्याला तुझं नाव चिकटलं, की मागचा सगळा हिशेब उघडा. २०१६मध्ये बिटफिनेक्समधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. ब्लॉकचेनवर त्या बिटकॉइनचा असाच माग काढत अमेरिकी तपास यंत्रणा २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या एका जोडप्यापर्यंत पोचल्या. म्हणून पत्ता इन्स्टाच्या बायोत टाकू नकोस. कामाचं वॉलेट वेगळं ठेव, बचतीचं वेगळं. आणि एकातून दुसऱ्यात थेट पाठवलंस तर दोघांचं नातं दिसणार, हेही लक्षात असू दे.

आता त्या टेलिग्रामवरच्या गिऱ्हाइकाचं. तू नाव झाकतेस ती तुझी सावधगिरी. तो झाकतो त्याची किंमत तू मोजतेस. समज, त्याने पाठवलेले रुपये कुणाला तरी फसवून लाटलेले निघाले. फसलेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस पैसा या खात्यातून त्या खात्यात कसा फिरला ते बघतात आणि त्या साखळीत तुझं खातं येतं. रक्कम होल्ड होते, कधी अख्खं खातंच फ्रीझ. मग परराज्यातल्या सायबर पोलिसांना तू काय सांगणार? 'टेलिग्रामवर भेटला होता'?

म्हणून एफआययू-इंडियाकडे, म्हणजे सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदलेलं एक्सचेंजच धर. मार्च २०२३पासून एक्सचेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. तिथे पी-टू-पी, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला विक्री, केलंस तर तुझे कॉइन एक्सचेंजच्या ताब्यात, एस्क्रोत अडकून राहतात, तू 'पैसे मिळाले' म्हणेपर्यंत सुटत नाहीत. त्यामुळे ते बटण दाबण्याआधी दोनदा बघ. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेचं ॲप उघड. पाठवणाऱ्याचं नाव केवायसीतल्या नावाशी जुळतंय ना? 'भावाच्या खात्यातून टाकलेत' म्हणाला तर कॉइन सोडायचे नाहीत, सरळ एक्सचेंजकडे अपील टाकायचं. चॅट आणि ऑर्डर नंबर जपून ठेव. वॉलेटमधून एक्सचेंजवर पाठवताना पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नकोस. पहिली-शेवटची अक्षरं तीच असलेले खोटे पत्ते भामटे मुद्दाम त्या यादीत घुसवतात. आधी थोडे पाठव, पोचले की उरलेले.

एक्सचेंजला पॅन, आधार दिलं की तुझं कामाचं वॉलेट तुझ्या नावाशी जोडलं जाणार. जाऊ दे. ज्याच्याकडे उद्या दाद मागता येईल, त्याला नाव सांगायला हरकत नाही. दाद मागता येत नाही, त्याला आधारचा फोटो नको नि सेल्फीही नको. आणि वॉलेटची किल्ली असलेल्या सीड फ्रेजचे ते १२ किंवा २४ शब्द कुणालाच नाहीत, मलासुद्धा नाहीत. कागदावर लिही, फोनमध्ये फोटो काढून ठेवू नकोस.

कर चुकवायच्या भानगडीत तर पडूच नकोस. कामाचे पैसे उत्पन्न म्हणून दाखवायचे, पुढे भाव वाढून नफा झाला तर त्यावर ३० टक्के. विकताना १ टक्का टीडीएस कापला जाईल, तो रिटर्नमध्ये धरायचा.

शनिवारी पॅन कार्ड घेऊन ये, केवायसी बसून करू. तोवर त्या टेलिग्रामवाल्याला एवढंच कळव: व्यवहार एक्सचेंजवर, तुमच्या केवायसीच्या नावाने, तुमच्याच खात्यातून. खरं गिऱ्हाईक असेल तर कुठलं एक्सचेंज ते विचारेल. नसेल तर घाई करेल, भाव आणखी चढवेल, नाहीतर गायब होईल.